पायाखालचा लाल दिवा

(कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर, सकाळ. ड्रिल मशीनचा आवाज.)

उद्यमनगरात लेथ सुरू झालेत. एका शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या तळहाताएवढ्या डब्याला १२ मिलिमीटरचं भोक पडतंय. ते पायानं दाबायच्या स्विचसाठी.

"मामा, वर अजून एक पाडा. ५ मिलिमीटरचं."

"ते कशाला रं?"

"दिव्याला."

(राजारामपुरी. माडीवरची खोली, सोल्डरचा धूर.)

गिटारचं हे फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा पायाखालचा डबा, पोरानं घरीच जुळवलंय. वाजतंही झकास. पण गेल्या गणपतीत, स्टेजवरच्या अंधारात, ते चालू राहिलंय हे त्याला पहिली तार छेडल्यावरच कळलं. गाणं हळुवार होतं. आवाज मात्र फाटका, कर्कश निघाला. ती रात्र तो विसरलेला नाही.

जुन्या स्विचला तारा जोडायचे सहा पाय होते. आवाज सर्किटमधून न्यायचा की बाहेरून, एवढ्यातच ते संपले. नव्याला नऊ पाय आहेत, तीन रांगांत. एका दाबात तिन्ही रांगा एकदम पलटतात. दोन आवाजाच्या, तिसरी फक्त दिव्याची. दिव्याच्या तारा आवाजाच्या वाटेला कुठंच शिवत नाहीत. या डब्यातलं सगळ्यात नेटकं काम मला हेच वाटतं.

आता रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा. बॅटरी ९ व्होल्टची, लाल एलईडीला, म्हणजे त्या दिव्याला, पुरतात साधारण २. उरलेले ७ रेझिस्टरनं झेलायचे. त्याच्याशिवाय दिवा जळून जाईल. पोरानं निवडलाय ४.७ किलोओहमचा; किंमत सांगणारे त्याच्या अंगावरचे पट्टे पिवळा, जांभळा, लाल. त्यातून दीड मिलिअँपिअर जातो. १ किलोओहमचा लावला असता तर ७ गेले असते. दोन ट्रान्झिस्टरच्या अशा फझला जेमतेम १ मिलिअँपिअर लागतो. म्हणजे बॅटरी गाण्यापेक्षा दिव्यावरच संपली असती.

बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, तिथून एलईडीचा लांब पाय. आखूड पाय तिसऱ्या रांगेच्या टोकाला. त्या रांगेचा मधला पाय ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला.

स्विच दाबला. अंधारच.

तो डबा उलटा करतो. एलईडीची कडा एका बाजूला सपाट असते, तो आखूड पाय. नेमका तोच रेझिस्टरला जोडलाय. सोल्डर वितळवून तो पाय बदलतो.

(खिडकी बंद होते. खोलीत काळोख.)

टक्. लाल ठिपका.

टक्. काळोख. आणि गिटारचा स्वच्छ, हळुवार सूर.

तो पुन्हा दाबतो. मग पुन्हा.