क्रूसाची लाज का नाही वाटली

नमस्कार श्रोतेहो, रोममध्ये पॅलेटाइन नावाची टेकडी आहे, तिथे १८५७ साली उत्खननात भिंतीवर खरडलेलं एक चित्र सापडलं. क्रूसावर टांगलेला माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली एक जण हात वर करून उभा आणि ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनोस देवाची भक्ती करतोय. सरळ सरळ टिंगल, कुणीतरी एखाद्या ख्रिस्ती माणसाला चिडवायला काढलेलं.

ही टिंगल नीट समजून घ्या बरं का, कारण आज आपण क्रूस बघतो तो गळ्यातल्या चेनमध्ये, नाहीतर वसईत, गोव्यात रस्त्याच्या कडेला हार घातलेला, त्यामुळे मुळात तो काय होता हे लक्षातच राहत नाही. रोमन राज्यात ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस, त्याचं बंड मोडलं इ.स.पू. ७१ मध्ये, तेव्हा पकडलेल्या ६००० गुलामांना कापुआ ते रोमच्या रस्त्यावर ओळीने क्रूसावर चढवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं आणि घाबरावं म्हणून. यहुदी माणसाला तर त्याहून भयंकर, कारण त्यांच्या धर्मग्रंथातल्या नियमशास्त्रातच होतं की झाडावर टांगलेला देवाने शापलेला.

मग पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे झाकून का नाही ठेवलं? येशूचे दृष्टांत सांगता आले असते, चमत्कार सांगता आले असते, मरणाचं तेवढं गाळायचं. पण येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ठणकावून लिहितो की आम्ही खिळलेल्या ख्रिस्ताचीच घोषणा करतो, यहुद्यांना ते अडखळण वाटो की ग्रीकांना मूर्खपणा. आणि गलतीकरांना तर म्हणतो, तो शाप त्याने आपल्यासाठी स्वतःवर घेतला.

आमच्या पापांचं प्रायश्चित्त, सुटकेसाठी भरलेली खंडणी, मरणावरचा विजय, क्रूसाचे हे सगळे अर्थ बायबलमध्ये आहेत आणि मी ते सगळे मानते. पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते येशूचं ओरडणं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? हे बायबलमधल्या २२व्या स्तोत्रातले शब्द आहेत. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो तो टाकून दिलेल्या माणसाच्या जागी गेला, नुसता दया दाखवायला नाही, तर तिथलं मरण मरायला, आणि म्हणूनच ज्याला सगळ्यांनी टाकलंय, घरच्यांनीसुद्धा, त्यालाही आम्ही ठामपणे सांगू शकतो की देव तुझ्याजवळ आहे.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय आज काढून वाचाच. त्यात येशूने प्राण सोडल्यावर, हा खरंच देवाचा पुत्र होता, असं बोलतो कोण? शिष्य नाही, याजक नाही, समोर पहाऱ्याला उभा असलेला रोमन शताधिपती, म्हणजे सैनिकांच्या तुकडीचा अधिकारी.