ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो?

समोर आशाताई आणि परिचारिका भगिनी जास्त आहेत, म्हणून थेट तुमच्या कामाचंच बोलतो: आभाची नोंदणी. आभा म्हणजे माणसाच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी क्रमांक.

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणीतून कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने तिकडंच. बाईला मधुमेह असतो, अंगात रक्त कमी असतं, आणि तिची फाइल गावाकडं पेटीत. तिकडच्या डॉक्टरनं सगळं पहिल्यापासून विचारायचं, तिनं आठवेल तेवढं सांगायचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या शरीरावर काय केलं आणि का केलं, याची नोंद बाईच्या स्वतःच्या हाती पाहिजे, असं मला तेव्हापासून फार वाटतं. म्हणून १४ अंकी आभा क्रमांक मला मनापासून हवा आहे.

त्याची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. सगळे रिपोर्ट एका जागी गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तयार झाले तिथंच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचे असतील तर त्यानं विनंती पाठवायची: कशासाठी हवेत, कोणते हवेत, कोणत्या काळातले, किती दिवसांसाठी. पेशंटनं हो म्हटलं तरच ते दिसतात. दिलेली संमती मागंही घेता येते.

पण हे ‘हो’ म्हणतं कोण? मोबाइल. आणि मोबाइल कुणाचा? नोंदणीच्या गर्दीत बाई म्हणते, ‘आमच्यात नंबर मालकाचाच हाय.’ मालक म्हणजे नवरा. कधी दिराचा देतात, कधी थेट टोळी नेणाऱ्या मुकादमाचा. ओटीपी त्याच्याकडं जातो, तो आकडे वाचून दाखवतो, आपण टाकतो. पडद्यावर संमती मिळाल्याचं दिसतं. बाईला मात्र कुणी काही विचारलेलंच नसतं! उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देणाऱ्या या मुकादमाला तिचा टीबी, तिचं गरोदरपण, तिचा गर्भपात कळला तर त्या जोडीच्या रोजगाराचं काय होईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं संमती मोकळेपणी, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली असावी, असं म्हटलंय. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा वेगळा कायदा आहे; त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय, कायद्यातले थोडे अपवाद सोडले तर, तिची स्थिती उघड करता येत नाही. नवऱ्याचा अंगठा बायकोच्या जागी चालेल, असं यात कुठंही लिहिलेलं नाही.

मग आपण काय करायचं? बाईशी एकटीशी बोला. नवऱ्याला बाहेर बसवणं अवघड जातं, मला कल्पना आहे. वजन-बीपीच्या निमित्तानं आत घ्या. नंबर कुणाचा ते विचारा आणि रजिस्टरमध्ये लिहा. आभा ऐच्छिक आहे, नको म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे तिला स्पष्ट सांगा. लक्ष्य पूर्ण करायच्या घाईत हेच वाक्य गळतं. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय तर आजच सोडा, तिथं कसली संमती आणि कसलं काय.

आभाला जोडलेला नंबर बदलता येतो. लेकीकडं किंवा विश्वासातल्या बहिणीकडं फोन असेल आणि बाईची इच्छा असेल, तर तो लावून द्या. टोळ्या निघायच्या आधीच्या शिबिरात एक टेबल एवढ्याच कामासाठी ठेवा.