वायरीला बांधलेली पोरं

नमस्कार मंडळी. मी बायोमेडिकल इंजिनिअर, तशी या लाईनमध्ये नवखीच. मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या टीममध्ये आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, म्हणजे तू डॉक्टर का? नाही हो. दुसरा प्रश्न, मग लॅबमध्ये असतेस? आता असते, पण सुरुवात सर्व्हिसमधून झाली. हॉस्पिटलं फिरायची, ईसीजीच्या तुटक्या लीड, म्हणजे पेशंटला लावायच्या वायरी, बदलायच्या, सिरिंज पंप औषध ठरल्या वेगानं सोडतो ना ते तपासून कॅलिब्रेशन करायचं. घरी कुरकुर होतीच, इंजिनिअर होऊन रिपेरिंग काय करते म्हणून. पण मी आज तेच सांगायला आलेय, डिव्हाइस बनवायचंय तर आधी रिपेरिंग करा. आणि त्यासाठी माझी एक लाडकी गोष्ट आहे, माझ्या मित्रमैत्रिणींना आता पाठ झालीय, तुम्ही ऐका.

अमेरिकेतलं मिनियापोलिस, साल 1949. अर्ल बॅकन नावाचा पंचविशीतला पोरगा, युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल शिकतोय, आणि बायको हॉस्पिटलमध्ये नोकरीला. हा तिला न्यायला जायचा, थांबायचा, आणि तिथले लॅबवाले म्हणायचे, अरे तुला कळतं ना, हे मशीन बघ जरा. बघता बघता यानं आणि याच्या साडूनं मिळून गॅरेजमध्ये कंपनीच काढली, रिपेरिंगची. नाव मेडट्रॉनिक. पहिल्या महिन्याची कमाई किती? 8 डॉलर! एक सेंट्रिफ्यूज, म्हणजे लॅबमधलं नळ्या गरगर फिरवणारं मशीन, दुरुस्त केलं त्याचे.

आता 1957. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात डॉक्टर लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करायचे. काही मुलांना त्यानंतर हार्ट ब्लॉक व्हायचा, म्हणजे ठोक्याचा निरोप हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायचा नाही. मग हृदयाला बारीक तार टाचून बाहेरच्या पेसमेकरनं ठोके द्यायचे. पण हा पेसमेकर म्हणजे चाकांवरचं धूड, आणि चालायचा भिंतीतल्या प्लगवर. वायर जाईल तिथपर्यंतच पोर जाणार. 31 ऑक्टोबर 1957 ला शहरात लाईट गेली, काही तास गेली. त्यात एक बाळ दगावलं, असं बॅकन पुढे सांगायचे. लिलेहाय यांनी कुणाला गाठलं? मशीन दुरुस्त करायला रोज येणाऱ्या बॅकनलाच. म्हणाले, बॅटरीवर चालणारं काहीतरी कर.

बॅकनच्या डोक्यात आधी आला इन्व्हर्टर, आपल्या घरी असतो तसाच. गाडीची बॅटरी घ्यायची, 115 व्होल्ट करायचे, जुनंच मशीन चालवायचं. मग त्याला वाटलं, हा द्राविडी प्राणायाम कशाला, तार थेट हृदयाला लागलीय, काही व्होल्टचा झटका पुरे. आणि आठवलं की पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकात ट्रान्झिस्टरच्या मेट्रोनोमचं सर्किट आलं होतं, गाण्याच्या क्लासमध्ये टिकटिक करतो ना, तो. त्यातला स्पीकर काढला, सर्किट हाताच्या पंजाएवढ्या डबीत बसवलं, साधारण चार आठवड्यांत तयार! आधी कुत्र्यावर लावून बघितलं, चाललं. दुसऱ्या दिवशी हा हॉस्पिटलात गेला तर डबी एका मुलाच्या अंगावर. लिलेहाय थांबलेच नव्हते.

मला खरं आवडतं ते पुढचं. पोरं बटणं फिरवतील म्हणून बटणं आत खोल बसवली. प्रत्येक ठोक्याला लुकलुकणारा लाल दिवा लावला, म्हणजे सिस्टरला लांबूनही कळावं की चालू आहे. हे नुसत्या सर्किटच्या वहीतून सुचत नाही हो, त्यासाठी वॉर्डात उभं राहावं लागतं. मी परत सांगते, वॉर्डात उभं राहावं लागतं. आपल्याकडे नवं मशीन आलं की हार घालतात, मग त्यावर कव्हर घालतात, आणि यूजर मॅन्युअल जातं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. हे माझं जुनं दुखणं आहे, असो.

आज कुत्रा आणि उद्या मूल असं आता चालत नाही, आणि चालू पण नये. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस रूल्स 2017 चे, लागू झाले 1 जानेवारी 2018 पासून. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग, शरीरात बसवायचा पेसमेकर सगळ्यात वरच्या डी मध्ये. माझा निम्मा दिवस रिस्कच्या फाइली, म्हणजे मशीनमुळे काय काय धोका होऊ शकतो ते, भरण्यात जातो, पण सर्व्हिस केलेल्या माणसाला त्यात लिहायला कल्पना लढवावी लागत नाही, कुठली पिन कोण उलटी घालतं हे त्यानं बघितलेलं असतं.

तर डिप्लोमा, डिग्रीवाल्या पोरांनो, जवळच्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात जा, कंडेम केलेली, म्हणजे वापरातून बाद झालेली मशीनं जिन्याखाली पडलेली असतात, रीतसर परवानगी काढून ती उघडा. फक्त डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन, एकट्यानं उघडू नका, प्लग काढला तरी त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहिलेला असू शकतो. नमस्कार.