नर की मादी? विद्युतमासे ऐकताना होणाऱ्या चुका

मंडळी, दक्षिण अमेरिकेतल्या गढूळ नद्यांमध्ये असे मासे आहेत, जे जन्मभर, रात्रंदिवस आपल्याभोवती विजेचं क्षीण क्षेत्र राखून असतात. भक्ष्याला झटका देण्याइतकं बळ त्या विजेत नसतं. अंधारात वाट काढायला आणि एकमेकांना ओळखायला ती पुरते. यांतल्या स्टर्नोपायगस मॅक्रूरसबद्दल आज बोलू. जीवशास्त्रज्ञ कार्ल हॉपकिन्स यांनी गयानाच्या रुपुनुनी भागात त्याचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये दाखवून दिलं, की प्रौढ नराच्या स्पंदनांची वारंवारता साधारण ५० ते ९० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी स्पंदनं) असते, मादीची १०० ते १५०. म्हणजे मासा न पकडता, न पाहता, नुसतं ऐकून नर की मादी ते कळतं. नदीत काम करणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती!

ऐकायचं साधन साधं आहे. दोन मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्याच्या टोकाशी दोन तारा एकमेकींपासून वीस सेंटिमीटरवर बांधा आणि फक्त शेवटच्या सेंटिमीटरवरचं आवरण सोला. अर्थिंगची तिसरी तार वेगळी पाण्यात सोडा. शिल्डेड केबलने हे सगळं बॅटरीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि हेडफोनला जोडा. जनरेटर किंवा इन्व्हर्टर जवळपास नको. दिवसा मासे काठाखालच्या कपारींत आणि मुळांच्या गुंत्यात दडलेले असतात, तेव्हा पाइप काठाकाठाने सावकाश न्या. तारांची जोडी माशाच्या क्षेत्राला काटकोनात आली, की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून जागा रिकामी ठरवण्याआधी पाइप ९० अंशांत फिरवून पुन्हा ऐकायलाच हवं. गणनेत मासे कमी भरण्याचं हे एक मोठं कारण आहे.

खरी फसगत पुढे, रेकॉर्डिंग उलगडताना होते. ६० हर्ट्झच्या नराच्या आवाजात १२० हर्ट्झचा दुपटीचा सूरही मिसळलेला असतो, आणि १२० तर थेट मादीच्या पट्ट्यात! एकाच नराची अशी जोडी मांडली जाते. वारंवारतेच्या आलेखावर दोन्ही रेषा सोबतच वरखाली होत असतील आणि एक दुसरीच्या तंतोतंत दुप्पट राहत असेल, तर तो एकच मासा. जिथे वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे, तिथे वस्तीजवळ तारांची गुणगुणही नेमकी याच जागी बसते. पाइप हातभर सरकवून पाहा: माशाचा आवाज झपाट्याने पडतो, गुणगुण फारशी बदलत नाही.

आणि तापमान! पाणी एक अंशाने तापलं, की वारंवारता चार-पाच टक्क्यांनी चढते. २९ अंशांच्या पाण्यात ९५ हर्ट्झ ऐकू आले, तर तो मासा दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. हिशोबाने २५ अंशांवर आणून पाहिलं, की तेच ८० च्या आसपास येतात, म्हणजे नर. थर्मामीटर माशाच्या खोलीवर धरावा, उन्हाने तापलेल्या पृष्ठभागावर नव्हे. पाण्यातून वीज किती सहज वाहते, ती वाहकताही प्रत्येक वेळी नोंदवा. पाण्यात क्षार कमी असले, तर तोच मासा अधिक लांबून ऐकू येतो. दोन ऋतूंमधली गणना वाहकतेशिवाय शेजारी ठेवता येत नाही.

फिल्टरबाबत एक सूचना. प्रवाहात तारा हलतात आणि रेकॉर्डिंग डोलतं, म्हणून १०० हर्ट्झखालचं सगळं कापून टाकायचा मोह होतो. इतर कित्येक जातींना ते चालेल. इथे मात्र तुम्ही सगळे नरच पुसून टाकाल.

आता यांच्या विणीच्या काळाबद्दल. जवळून जाणाऱ्या मादीला नर वारंवारता एकदम चढवून किंवा क्षणभर थांबवून उत्तर देतो. हे तपासायला दोन कार्बन इलेक्ट्रोडमधून मादीच्या वारंवारतेचा साधा साइन सूर सोडतात. त्याची तीव्रता आधी खऱ्या मादीपाशी, ठरावीक अंतरावर मोजलेली असावी. सूर सोडणारं यंत्र रेकॉर्डरपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण अलग ठेवा, नाहीतर तोच सूर केबलमधून रेकॉर्डिंगमध्ये शिरतो आणि नराचं उत्तर त्याखाली दबतं. त्याच तीव्रतेने नराच्या पट्ट्यातला, समजा ७० हर्ट्झचा, सूरही सोडायला हवा. नर दोन्ही सुरांना सारखंच उत्तर देत असेल, तर त्याने मादी ओळखली असं म्हणता येणार नाही.