आठ मार्चचा कार्यक्रम आणि सुटलेली एसटी

नमस्कार मंडळी. ऑफिसात जे दिवस साजरे होतात त्यांत त्या दिवसाचा मान राहतो का, असा विषय दिलाय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, बहुतेक ठिकाणी नाही राहत, आणि मला त्याचा राग येतो.

अमळनेरात हे बोलायला बरं वाटतंय. इथे मिलचा भोंगा ऐकलेली माणसं आहेत, साने गुरुजी इथल्या शाळेत शिकवायचे आणि पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांसाठीही झटले, म्हणजे कामाचे तास काय चीज असते हे तुम्हाला सांगायला नको. कोणाकोणाचे आजोबा मिलमध्ये होते, हात वर करा बरं... बघा, अर्धा हॉल!

तर आठ मार्च, महिला दिन. नोकरीत असताना आमच्याकडे, जळगावला, आदल्या दिवशी सर्क्युलर निघायचं, सगळ्या महिला कर्मचाऱ्यांनी गुलाबी साडी नेसून यावं, कार्यक्रम पाच वाजता. साहेब येणार सहाला. मग दीपप्रज्वलन, बहिणाबाईंच्या फोटोला हार, स्त्रीशक्तीवर भाषण, संगीत खुर्ची, केक, एकेक गुलाब. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी एरंडोलच्या पुढच्या खेड्यातून ये-जा करायची, तिची शेवटची एसटी पावणेसातची. ती सारखी घड्याळ बघतेय, उठायला गेली तर आमचे हेडक्लार्क म्हणाले, "अहो तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं, बसा!" बसली बिचारी. गाडी गेली. हातात गुलाब घेऊन स्टँडवर काळीपिवळी भरायची वाट बघत उभी, घरी दीड वर्षाचं लेकरू.

आणि सफाईच्या दोन बाया, कंत्राटावरच्या, त्या दाराबाहेर झाडू घेऊन बसलेल्या, कारण कार्यक्रम संपल्याशिवाय हॉल झाडता येत नाही. मी म्हटलं आत या ना, केक घ्या. एक म्हणाली, "ताई, आमनं काय काम शे तठे?" आत फोटो कोणाचा? आसोद्याच्या बहिणाबाईंचा, ज्या शाळेत गेल्या नाहीत, ज्यांना ओव्या सुचल्या त्या घरातलं शेतातलं काम करता करता. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि राबणारी बाई दाराबाहेर! मला आजही ते आठवलं की चीड येते.

आता हा दिवस आला कुठून ते बघा. 1910 साली कोपनहेगनला समाजवादी बायकांची परिषद भरली, तिथे क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी महिला दिन पाळायचा ठराव मांडला, मुख्य मागणी मताच्या हक्काची. 8 मार्च 1917 ला रशियात पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संप करून रस्त्यावर आल्या, आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली. संयुक्त राष्ट्रांनी महिला दिन पाळायला सुरुवात केली 1975 मध्ये. म्हणजे गिरणीतल्या बायकांनी उभा केलेला दिवस, आणि त्याच दिवशी आपण बायकांना ड्युटी संपल्यावर दीड तास जास्त बसवतो. एक मेचंही तेच, शिकागोत 1886 ला आठ तासांसाठी माणसं संपावर गेली, आणि आपल्याकडे कामगार दिनाला कंत्राटी गडी मांडवाच्या खुर्च्या उचलतो. 27 फेब्रुवारीचं तर बोलायलाच नको, मराठी भाषा दिनाची नोटीस इंग्रजीत लागलेली मी पाहिलीय.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. खरं तर काय करायचं हेच सांगायला आले होते, आता भराभर सांगते.

कार्यक्रम ड्युटीच्या वेळेत घ्या, नाहीतर घेऊ नका. कंत्राटी बाया पहिल्या रांगेत. केकच्या पैशात बायकांच्या संडासाला कडी, पाणी आणि डस्टबिन होतं, ते आधी करा. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर कायद्याने द्यावं लागतं, त्या दिवशी साहेबांना विचारा कुठेय. आणि 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक बाहेरची व्यक्ती. समितीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. समितीच केली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कंत्राटी, रोजंदारीवरच्या बायाही यात येतात, हे त्यांना कोणी सांगतच नाही, तुम्ही सांगा.

आणि दालमिल, जिनिंग, छोटं दुकान, जिथे दहाही माणसं नाहीत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ती कुठे बसते ते कलेक्टर ऑफिसात विचारा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं, लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. प्रश्न असतील त्यांनी खाली थांबा, मी आहे.