नेम आधी टेबलावर बसतो

नेरूळ. रेंजच्या मागची छोटी खोली. टेबलावर टॉवेल अंथरलाय आणि त्यावर एअर रायफल, सुटी केलेली. बॅरल (नळी) आणि अ‍ॅक्शन (छर्रा भरून उडवणारी यंत्रणा) एकीकडे, अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता) दुसरीकडे.

पलीकडे १० मीटरवर टार्गेट. मधला दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा, त्यावर जाणारी पेलेट, म्हणजे छर्रा, ४.५ मिलिमीटरची. फटका ०.२५ मिलिमीटर सरकला की दशांश गुण गेला. ६० फटक्यांत असे दशांश गळत राहतात आणि फायनल हुकते.

आर्मरर, म्हणजे रायफल जुळवणारे कारागीर. त्या काकांचे हात बघा. अ‍ॅक्शन स्टॉकवर जिथे टेकते ती जागा ते आधी बोटाने चाचपतात, मग सुती कापडाने पुसतात. पावसाळ्यात इथली हवाच ओली. एखादा कण चिकटून राहिला तरी अ‍ॅक्शन सरळ बसत नाही, आणि स्क्रू आवळले की ती ताणाखाली येते. म्हणून दोन्ही स्क्रू आळीपाळीने. हा थोडा, तो थोडा, पुन्हा हा. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने सांगितला तेवढाच. ‘टक्’ वाजलं, हात थांबला. अंदाजाने आवळणारे पुष्कळ आहेत. पण आज एवढा पीळ आणि उद्या तेवढा, म्हणजे नेमबाजाच्या हातात रोज वेगळी रायफल. स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय. तो ढिला झाला की नजरेला कळतं.

आता रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे तिला घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात. नेमबाज बाजूला उभी. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक बॅचच्या पाच पेलेट झाडायच्या. या कागदावर भोकं पसरलीत. आणि हा दुसऱ्या बॅचच्या डब्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका: पाचही पेलेट जवळपास एकाच भोकातून गेल्यात. कंपनी तीच, वजन तेच. या बॅरलला ही बॅच मानवली. शेजारच्या रायफलला कदाचित दुसरीच मानवेल.

बॅच बदलल्यावर या नेमबाजाचे गुण वाढले.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची फायनल खेळलेल्या सुमा शिरूर इथून जवळच, पनवेलला मुलं घडवतात. या पट्ट्यात नेमबाजी रुजलीय. क्लबमध्ये नवी रायफल आली की फोटो निघतात. ती जुळवणाऱ्या हातांचा खर्च मात्र सहसा कुणी धरत नाही. पुढच्या वेळी रायफलसाठी निधी मागाल, तेव्हा त्याच अर्जात व्हाइस, टॉर्क रेंच आणि आर्मररचं मानधनही लिहा.