सन २०५६ मध्ये चहा कोण आणतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज विज्ञानकथेबद्दल बोलायचं आहे. त्यातही विज्ञानाबद्दल कमी, राजकारणाबद्दल जास्त. यान, यंत्रमानव, परग्रह, यात कुठलं आलंय राजकारण, असं पुष्कळांना वाटतं. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं आणि मलाही तसंच वाटत होतं. माझं मत एका रात्रीत बदललं. त्या रात्रीची गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी थोडं इतर.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची कालयंत्राची कादंबरी १८९५ सालची. तिचा नायक थेट ८,०२,७०१ या सालात जाऊन पोचतो. बघतो तर माणसाच्या दोन जाती झालेल्या. वर उन्हात बागडणारे, काडीचं काम न करणारे एलॉय. खाली जमिनीच्या पोटात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. रात्र झाली की खालचे वर येतात आणि वरच्यांना धरून खातात. वेल्सची आई इंग्लंडातल्या एका बड्या वाड्यात नोकरांवर देखरेख करायची. त्या वाड्याला नोकरांसाठी भुयारं होती. लहानपणी त्यानं ती पाहिली होती. मोठेपणी तो समाजवादी झाला. आठ लाख वर्षं पुढं गेला खरा, पण वाट त्याच भुयारातून काढली.

हे वाचताना मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पहाटे घरी परतणारी माणसं आठवतात. डोळ्यांभोवती तेवढी काजळी राहिलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. माझं फार दिवसांचं मत आहे की आपल्या भागातल्या विज्ञानकथेला यंत्राच्या ग्रीसचा वास यायला हवा. आपले लेखक प्रयोगशाळेत फार रमतात, वर्कशॉपात फिरकत नाहीत. असो.

तर मुद्दा लेखकाच्या मताचा. १९६८ सालचं उदाहरण घ्या. अमेरिकेत विज्ञानकथा छापणारं गॅलक्सी नावाचं मासिक होतं. त्याच्या जूनच्या अंकात विज्ञानकथा लेखकांच्या सह्यांच्या दोन जाहिराती आल्या. एक व्हिएतनाम युद्धाच्या बाजूनं, दुसरी विरोधात. बाजूनं हाइनलाइन, विरोधात असिमोव्ह, ब्रॅडबरी, ले ग्विन. याच हाइनलाइननं १९५९ च्या कादंबरीत असा समाज रंगवला होता, जिथं सरकारी सेवा पुरी केलेल्यालाच मत देता येतं. ले ग्विनबाईंनी १९७४ साली असं जग रंगवलं, जिथं सरकारही नाही आणि खाजगी मालमत्ताही नाही. दोन्ही मी आवडीनं वाचल्यात. लेखकाला मत असणं हा दोष नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

मत उघड बोललं गेलं तर वाचणारा सावध असतो. लेखकाला जे सांगायचीसुद्धा गरज वाटत नाही, तिथं बसलेलं मत सापडत नाही. म्हणून सांगतो, भविष्यातली गोष्ट वाचताना काय बदललंय ते बघाच, पण काय बदललेलं नाही तेही बघा.

आता ती रात्र.

आपल्याकडं थंडीत गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी. सकाळी ग्रंथदिंडी, पुढं लेझीम, आणि दुपारी शेतातली कामं टाकून आलेली माणसं मांडवात मांडी घालून परिसंवाद ऐकतायत. मोठ्या शहरांतली संमेलनं मी बघितली आहेत. अशी बैठक तिथं मला दिसली नाही. तर अशाच एका गावच्या संमेलनात शाळकरी मुलांसाठी कथास्पर्धा ठेवली होती. विषय मीच दिला होता, ‘सन २०५६ मधलं माझं गाव’. छप्पनच का, ते बेळगाव, खानापूर, निपाणीच्या श्रोत्याला सांगायला नको. १९५६ साली राज्यं भाषेवर पाडली तेव्हा हा मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तोच आपला सीमाप्रश्न, आणि २०५६ साली त्याला शंभर वर्षं.

एकेचाळीस गोष्टी आल्या. परीक्षक दोघे, मी आणि शेजारच्या गावच्या एक बाई. मी रात्री कॉटवर कागद पसरून बसलो, हातात लाल पेन. एका मुलाची गोष्ट वाचली आणि ऊर भरून आला. सुंदर अक्षर. सीमाप्रश्न सुटलेला, सगळ्या पाट्या मराठीत, सांबऱ्याच्या विमानतळावरून रॉकेट सुटतंय, त्यावर भगवा. पंचवीसपैकी बावीस गुण दिले आणि कागद सगळ्यांच्या वर ठेवला.

मग एका मुलीचा कागद हाती आला. कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. तिच्या गोष्टीत प्रत्येकाच्या कानात मुगाएवढा दाणा असतो. समोरचा कुठल्याही भाषेत बोलला तरी दाणा ते आपल्या भाषेत ऐकवतो. एक आजी शेताच्या उताऱ्यासाठी तहसीलदार कचेरीत जाते. क्लार्क उद्या या म्हणतो, आजी उद्या जाते. दोन वर्षं हे चालतं. मधूनमधून तो तिच्या गुडघ्याची चौकशी करतो, ती त्याच्या पोराच्या परीक्षेची. एका पावसाळ्यात दोन दिवस करंट नसतो, दाणे बंद पडतात. आजी दारात उभी. क्लार्क तोंड उघडतो आणि म्हणतो, “बसा की आज्जी, पाणी देऊ काय?” चक्क मराठी. त्याची आई चंदगडकडची. आजी हसते आणि म्हणते, “बेडप्पा.” नको रे बाळा. आजीचं माहेर कन्नड. मग दोघंही दाणे काढून टेबलावर ठेवतात. गोष्ट संपली.

मी लाल पेनानं खाली लिहिलं, ‘विषय सोडून. सीमाप्रश्नाचा उल्लेख नाही.’ गुण अकरा.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी तोच कागद पहिला काढला होता. आमची जुंपली. मी म्हटलं, यात आपल्या माणसावरचा अन्याय कुठं आहे? बाई म्हणाल्या, “दोन वर्षं उतारा मिळंना, ते काय मग?” मी गप्प झालो. मग त्यांनी माझ्या आवडत्या गोष्टीवर बोट ठेवलं. “सर, ह्यात आई काय करायलीय, बघितलासा काय?”

बघितलं. रॉकेट सुटायच्या आधी शास्त्रज्ञ मुलगा घरी बसलेला असतो आणि आई चहा घेऊन येते. बाईंनी एकेक कागद माझ्यापुढं सरकवला. एकात यंत्रमानव भात लावतोय, आई चहा आणते. दुसऱ्यात मंगळावर वस्ती झाली, तिथंही आई चहा आणते. गावं बदलली, राज्यं बदलली, ग्रह बदलले, चहाचा ट्रे काही आईच्या हातातून सुटला नाही. मुलांना ते लिहिताना काही वाटलं नाही आणि मला वाचताना काही वाटलं नाही. एकेचाळीस गोष्टींत घराबाहेर आपल्या कामासाठी आपल्या पायांनी गेलेली बाई एकच, ती उताऱ्यासाठी हेलपाटे घालणारी आजी. तिला मी अकरा गुण दिले होते.

बेगम रुकैया या बंगाली लेखिकेची गोष्ट मी यानंतर वाचली. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आलेली. त्यात देश बायका चालवतात, पुरुष पडद्याआड घरात, आणि स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर. १९०५ साली, श्रोतेहो! चूल कोण फुंकतं हे जिला रोज दिसत होतं, ती भविष्य रंगवताना चूल विसरली नाही.

सीमाभागातल्या माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे, आणि त्यावरून मी तसूभर हटणार नाही. पण त्या रात्री मी गोष्टीला गुण दिले नव्हते, माझ्या मताला दिले होते. पहिला नंबर त्या मुलीला गेला, दुसरा रॉकेटवाल्या मुलाला. बक्षीस घेऊन ती माझ्याकडं आली. कागद परत मिळाला होता, त्यावरची माझी ओळ मी खोडली होती. तिनं कागद उजेडाकडं धरला आणि विचारलं, “सर, हे खोडलंय ते काय हुतं?” मी सांगितलं, माझी चूक होती. तिनं कागदाची घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवली.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. ज, वि, ना उलटं केलं की ना, वि, ज. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून ही खटपट. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहून पाठवली होती. आपल्याच बाजूनं होणारा पक्षपातसुद्धा ज्यांना नको होता, त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

येत्या थंडीत आमच्या गावात पुन्हा स्पर्धा आहे, या वेळी साल २१००. मुलांनो, गोष्टीच्या कागदावर नाव घालू नका. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला. शाळा मराठी असो वा कन्नड, घरी कुठलीही भाषा असो, गोष्ट मराठीत लिहिता येत असेल तर पाठवा. परीक्षक तिघं आहेत, त्यात त्या बाई आहेत आणि घरी कन्नड बोलणारे एक निवृत्त मास्तरही आहेत. लाल पेन मी आता वापरत नाही. शेरा पेन्सिलीनं लिहितो, आणि तोही बाकीच्या दोघांनी वाचल्यावर.

नमस्कार.